सूची कोणाच्या हाती

संगणकांच्या जाळ्याला मध्यवर्ती सर्व्हर नको, सगळे संगणक एकमेकांच्या बरोबरीचे असावेत, ही कल्पना ऐकायला सोपी आहे आणि बऱ्याच अंशी ती खरीही ठरली आहे. फाइली साठवणे, त्यांचे तुकडे करून एकमेकांना पोचवणे ही कामे अशा पीअर-टू-पीअर जाळ्याला उत्तम जमतात. घोडे अडते ते शोधापाशी. लाखो संगणकांपैकी कोणाकडे काय आहे हे कुणा एकाला ठाऊक नसेल, तर हवी ती वस्तू शोधायची कशी, आणि ती शोधताना सगळे जाळे तुंबू द्यायचे नाही ते कसे? २००० नंतरच्या पाच-सहा वर्षांत संगणकशास्त्रातल्या काही अव्वल डोक्यांनी या प्रश्नावर काम केले. त्यांची उत्तरे हुशारीची आहेत, एक-दोन तर देखणी आहेत. पण ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली की लक्षात येते : शोध जिथे जिथे कार्यक्षम झाला, तिथे तिथे दोनपैकी एक किंमत मोजावी लागली. एकतर काही संगणक बाकीच्यांपेक्षा वरचढ झाले, नाहीतर विचारता येण्याजोगा प्रश्नच आक्रसला. ही किंमत चुकवता येत नाही असे माझे मत आहे. ती आधी मान्य केली, तर विकेंद्रित शोधाबद्दल काही उपयोगाचे बोलता येईल.

सुरुवात नॅपस्टरपासून करावी लागते. शॉन फॅनिंग या कॉलेजवयीन मुलाने जून १९९९मध्ये सुरू केलेल्या या सेवेत गाणी लोकांच्या संगणकांवर होती आणि एका संगणकावरून दुसऱ्यावर थेट जात होती; कोणते गाणे कोणाकडे आहे याची सूची मात्र कंपनीच्या सर्व्हरवर होती. त्यामुळे शोध झटपट व्हायचा. अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या संघटनेने त्याच वर्षी डिसेंबरात दावा लावला, फेब्रुवारी २००१मध्ये अपील न्यायालयाने नॅपस्टरच्या विरोधात कौल दिला आणि जुलैमध्ये सेवा बंद पडली. कंपनीच्या सर्व्हरवर एकही गाणे साठवलेले नव्हते. तिच्या ताब्यात होती ती फक्त सूची. तरीही सूची बंद होताच लोकांच्या संगणकांवरची सगळी गाणी जागच्या जागी असूनही सापडेनाशी झाली. नॅपस्टरची कथा सहसा स्वामित्वहक्काची म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेही. पण शोधाच्या दृष्टीने तिच्यातून निघणारी गोष्ट वेगळी आणि अधिक टिकाऊ आहे. वस्तू कितीही विखुरलेल्या असोत, सूची ज्याच्या हाती त्याच्याच हाती जाळे.

मग सूचीच नको असे म्हणणारे ग्नुटेला आले. नलसॉफ्ट या छोट्या कंपनीतल्या जस्टिन फ्रँकेल आणि टॉम पेपर यांनी मार्च २०००मध्ये ते इंटरनेटवर ठेवले. त्यांची मालक कंपनी एओएलने दिवसभरातच ते काढायला लावले, पण तोवर ते हजारो लोकांनी उतरवून घेतले होते आणि पुढे त्याचे नियमही उलगडले. ग्नुटेलात प्रश्न विचारणारा संगणक आपल्या शेजाऱ्यांना विचारतो, ते त्यांच्या शेजाऱ्यांना, असे करत सात टप्प्यांपर्यंत प्रश्न पसरतो. गावभर दवंडी पिटावी तसा हा शोध. हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. प्रत्येकाला चार शेजारी असतील तर पहिल्या टप्प्यात चार, मग बारा, मग छत्तीस असे करत सात टप्प्यांत ४,३७२ संगणकांपर्यंत प्रश्न पोचतो. म्हणजे जाळ्यात दहा लाख संगणक असतील तर ९९ टक्क्यांहून अधिकांना तो कळतच नाही. शेजारी आठ केले तर तोच आकडा जवळजवळ अकरा लाखांवर जातो. प्रश्न सर्वांपर्यंत पोचतो खरा, पण एका माणसाने एकदा विचारलेल्या एका प्रश्नासाठी अकरा लाख निरोप सुटतात. नॅपस्टर घडवण्यात वाटा असलेल्या जॉर्डन रिटरने फेब्रुवारी २००१मध्ये अशाच आकडेमोडीने ग्नुटेला वाढू शकत नाही हे दाखवले, तेव्हा त्याच्यावर पक्षपाताचा आरोप झाला. गणित मात्र बरोबर होते आणि अनुभव त्याच्या बाजूचा होता. २०००च्या उन्हाळ्यात नॅपस्टर बंद होणार अशी हवा पसरली, लोकांचा लोंढा ग्नुटेलाकडे वळला आणि ५६ केच्या मोडेमवर बसलेले संगणक दुसऱ्यांचे प्रश्न पुढे ढकलण्यातच गुदमरले.

त्याच वर्षी झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेतल्या एतान अडार आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी ग्नुटेलावरची रहदारी मोजली. जवळपास ७० टक्के लोक एकही फाइल इतरांना देत नव्हते, आणि निम्म्याच्या आसपास उत्तरे अवघ्या एक टक्का संगणकांकडून येत होती. बरोबरीचे म्हणून रचलेले जाळे प्रत्यक्षात कधीच बरोबरीचे नव्हते. यातला 'फुकट्यांचा' मुद्दा खूप चघळला गेला. मला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. विषमता जाळ्यात आधीच होती, आराखडा तेवढा ती नसल्यासारखे वागत होता. पुढच्या सुधारणांनी हे ढोंग सोडले आणि लगेच फरक पडला. फाइली वाटण्याच्या काझा या जाळ्याने २००१मध्ये चांगली जोडणी आणि ताकद असलेल्या संगणकांना 'सुपरनोड' केले. बाकीचे संगणक आपली यादी सुपरनोडला देणार, प्रश्न सुपरनोड आपसात फिरवणार. ग्नुटेलानेही हाच मार्ग धरला. २००३मध्ये यतीन चवाथे, सिल्व्हिया रत्नसामी, स्कॉट शेंकर आणि सहकाऱ्यांनी 'गिया' नावाचा आराखडा मांडला. त्यात ज्याची क्षमता जास्त त्याच्याकडे जास्त शेजारी, आणि प्रश्न सगळीकडे न उधळता क्षमतावानांच्या दिशेने एकेक पाऊल टाकत जाणार. जाळ्याची एकूण क्षमता त्यामुळे हजारपट ते लाखपट वाढते असे त्यांच्या चाचण्यांत दिसले. या आराखड्यामागचे सूत्र एकच : कुणाला किती झेपते हे पाहून काम वाटायचे.

या मार्गाचा शेवट कुठे होतो ते स्काइपने दाखवले. काझाच्याच निर्मात्यांनी २००३मध्ये सुरू केलेले स्काइप वापरकर्त्यांच्या संगणकांतून सुपरनोड निवडायचे; त्या वापरकर्त्यांना याची कल्पनाही नसे. ऑगस्ट २००७मध्ये विंडोजच्या नेहमीच्या अपडेटनंतर जगभरचे संगणक थोड्याच काळात बंद-सुरू झाले, पुन्हा आत येऊ पाहणाऱ्यांची झुंबड उडाली, तिला सावरायला पुरेसे संगणक जाळ्यात उरले नव्हते, आणि स्काइप दोन दिवस कोलमडलेले राहिले. स्काइप विकत घेतलेल्या मायक्रोसॉफ्टने २०१२पर्यंत सुपरनोड आपल्या स्वतःच्या यंत्रागारांत हलवले. वरचढ संगणक लागणारच असतील तर ते भरवशाचे असावेत, भरवशाचे हवे असतील तर पगारी असावेत, आणि पगारी असतील तर ते मालकाचे असणार. एकेक पायरी पाहिली तर कुठेच कुणी लबाडी केलेली नाही.

दुसरी वाट गणिताची होती आणि ती खरोखर देखणी आहे. २००१मध्ये एमआयटीतून 'कॉर्ड', बर्कलीतून 'कॅन', आणि पाठोपाठ 'पेस्ट्री', 'टॅपेस्ट्री' अशा रचना काही महिन्यांच्या अंतराने पुढे आल्या. या घराण्याला डिस्ट्रिब्यूटेड हॅश टेबल, थोडक्यात डीएचटी म्हणतात. कॉर्डमध्ये प्रत्येक संगणकाला आणि प्रत्येक फाइलीला हॅशच्या सूत्राने १६० बिटांचा एक आकडा मिळतो. हे सगळे आकडे एका वर्तुळावर बसले आहेत असे मानायचे; फाइलीच्या आकड्यानंतर जो पहिला संगणक लागतो, त्याच्याकडे तिची नोंद. प्रत्येक संगणक सगळ्यांना ओळखत नाही. त्याला वर्तुळावरचा अर्ध्या अंतरावरचा, पाव अंतरावरचा, अष्टमांशावरचा असे मोजकेच ओळखीचे असतात. दर उडीला उरलेले अंतर निदान निम्मे होते. त्यामुळे दहा लाख संगणकांतून नेमक्या एकापर्यंत सरासरी दहा उड्यांत पोचता येते, आणि जाळे दुप्पट झाले तरी उड्यांत अर्ध्याच उडीची भर पडते. २००२मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या पेटर मेमुनकोव्ह आणि डेव्हिड माझिएर यांनी 'कॅडेम्लिया'त दोन आकड्यांमधले अंतर 'एक्सॉर' या साध्या क्रियेने मोजले आणि आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली : जो संगणक बराच वेळ जाळ्यात टिकला आहे तो पुढेही टिकण्याची शक्यता जास्त, म्हणून ओळखी ठेवताना जुन्यांना पसंती. फाइली वाटण्याच्या बिटटोरेंट या प्रणालीने २००५मध्ये हीच रचना उचलली. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तिच्या जाळ्यात रोज दीड ते पावणेतीन कोटी संगणक आढळले. मालक नाही, मुख्यालय नाही, आणि दीड कोटींतून हवा तो सापडतो. विकेंद्रित शोध शक्य आहे याचा याहून मोठा पुरावा नाही.

पण या रचनेला प्रश्न कोणता विचारता येतो ते पाहा. 'हा १६० बिटांचा आकडा कोणाकडे आहे?' एवढाच. ज्याला आकडा आधीच ठाऊक आहे त्याला पत्ता मिळतो. माणसे मात्र असे प्रश्न विचारत नाहीत. ती 'कोकणातला पाऊस' असे काहीतरी टाकतात. हॅशचे कामच मुळी जवळचे दूर फेकण्याचे आहे. तसे केले म्हणूनच नोंदी सगळ्या संगणकांवर समान वाटल्या जातात. परिणाम असा की 'पाऊस' आणि 'पावसाचा' यांचे आकडे वर्तुळावर कुठल्या कुठे जाऊन पडतात. मराठीसारख्या, सामान्यरूपाने शब्दाचा चेहरा बदलणाऱ्या भाषेत हे फार महागात पडते. त्याहून वरताण उदाहरण 'दऱ्या' या शब्दाचे. तो युनिकोडमध्ये नुक्त्याच्या 'ऱ'ने लिहिता येतो, तसाच साधा 'र', हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर घालूनही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे; हॅशच्या लेखी दोन परके शब्द, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणाचे ठरलेले नियम लावले तरी ते एक होत नाहीत. मध्यवर्ती शोधयंत्र हा दोष एका ठिकाणी एका दुपारी दुरुस्त करू शकते. डीएचटीत तोच नियम सगळ्या संगणकांनी एकाच आवृत्तीत पाळावा लागतो. निम्म्यांनी नवा नियम लावला आणि निम्मे जुन्यावर राहिले, तर जुन्या जागी ठेवलेल्या नोंदी असून नसल्यासारख्या होतात.

मग प्रत्येक शब्दाचा हॅश करून त्या शब्दाची यादी त्या संगणकावर ठेवावी, हा उपाय सुचतो, आणि ईम्यूल या फाइली वाटण्याच्या प्रणालीच्या 'कॅड' जाळ्याने तो अमलातही आणला. एका शब्दापुरते हे चालते. दोन शब्द आले की गाडी अडते. समजा 'कोकण' असलेले एक लाख लेख आहेत आणि 'पाऊस' असलेलेही एक लाख, आणि दोन्ही याद्या वेगवेगळ्या शहरांतल्या दोन संगणकांवर आहेत. दोहोंत समान काय हे काढायला एकाने आपली यादी दुसऱ्याकडे पाठवायला हवी : एका लेखाच्या ओळखीला वीस बाइट, म्हणजे वीस लाख बाइट, दोन एमबी, एका प्रश्नासाठी. ड्यूक विद्यापीठातल्या पॅट्रिक रेनॉल्ड्स आणि अमीन वाहदत यांनी २००३मध्ये यावर चांगली युक्ती मांडली. पूर्ण यादी न पाठवता तिचा ब्लूम फिल्टर पाठवायचा. बर्टन ब्लूम यांनी १९७०मध्ये सुचवलेल्या या रचनेत दर नोंदीला साधारण दहा बिट पुरतात; त्या बदल्यात शेकडा एखादी नोंद चुकून 'आहे' अशी दिसते. दोन एमबीचे सव्वा लाख बाइट होतात, सोळा पटींची बचत. चुकून आलेल्या हजारभर नोंदी पहिला संगणक आपल्या मूळ यादीशी ताडून गाळतो. त्याच्या जोडीला आधीची उत्तरे जपून ठेवायची आणि सगळी यादी न मागता पहिली काही उत्तरे मिळताच थांबायचे. युक्ती अस्सल आहे. पण यादी लाखाची न राहता कोटीची झाली, तर सोळापट बचत करूनही प्रश्नामागे साडेबारा एमबी जातात. त्याच वर्षी एमआयटी आणि बर्कलीच्या संशोधकांनी, ज्यांत कॉर्डच्या जनकांपैकी तिघे होते, सगळ्या वेबचा शोध असा चालेल का याचा हिशेब केला. साध्या रीतीने तो अजिबात परवडत नाही. ज्ञात सगळ्या युक्त्या एकत्र केल्या तरी गरज आणि ऐपत यांत सुमारे दहापटींचे अंतर उरते, असे त्यांना आढळले. आपल्याच अपत्याची मर्यादा इतक्या सरळपणे सांगणारे निबंध कमी असतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : ते २००३चे आकडे, आज घरोघरी फायबर आहे, दहापट तर केव्हाच भरून निघाली. आक्षेप वजनदार आहे, पण तो चुकीच्या जागी बोट ठेवतो. वाहिनीची रुंदी वाढली तशी शोधायच्या पानांची संख्याही वाढली, आणि ज्या यंत्रांवर विसंबायचे ती मात्र या कामाला निकृष्ट झाली. बहुतेकांचे इंटरनेट आज मोबाइलवर आहे. तो कंपनीच्या सामाईक पत्त्याआड असतो, बॅटरी वाचवायला झोपतो आणि बाहेरून कुणी हाक मारली तर त्याच्यापर्यंत पोचत नाही. शिवाय मध्यवर्ती शोधयंत्राचे यश निव्वळ मोठ्या वाहिनीचे नाही. गुगलच्या बारोसो, डीन आणि होल्झले यांनी २००३मध्येच लिहिले होते की त्यांच्याकडे एका प्रश्नामागे सरासरी शेकडो एमबी मजकूर वाचला जातो, आणि सूची पानांच्या गटांनुसार फोडून अनेक यंत्रांवर ठेवलेली असते. म्हणजे प्रश्न प्रत्येक गटाकडे जातो. नीट पाहिले तर गुगलही सगळ्यांना विचारतेच! फरक इतकाच की ते एका छताखाली विचारते, जिथे विचारण्याला जवळपास पैसा पडत नाही आणि उत्तर देणारे यंत्र मध्येच उठून जात नाही.

डीएचटीचे पुढे काय झाले यातूनही हेच दिसते. २००७मध्ये ॲमेझॉनने 'डायनॅमो' ही आपली साठवण-व्यवस्था जाहीर केली. वर्तुळ, हॅश, वर्तुळावरचे शेजारी, सगळे त्याच घराण्यातले. तिच्या जनकांपैकी अविनाश लक्ष्मण यांनी प्रशांत मलिक यांच्यासह फेसबुकमध्ये 'कॅसांड्रा' रचले, आणि आज असंख्य कंपन्या ते वापरतात. पण डायनॅमोत प्रत्येक यंत्र बाकी सगळ्यांना ओळखते, त्यामुळे दहा उड्यांची गरजच पडत नाही. परक्यांच्या जाळ्यासाठी जन्मलेली कल्पना एका मालकाच्या कोठारात सर्वांत सुखाने नांदली. तंत्र कच्चे होते असे यावरून म्हणता येणार नाही. कमी पडला तो विश्वास, आणि मला वाटते वाहिनीच्या रुंदीपेक्षा तोच खरा अडसर आहे.

विश्वासाचा मुद्दा थोडा सोलून पाहायला हवा. मायक्रोसॉफ्टच्या जॉन डूसर यांनी २००२मध्ये दाखवले की ओळख पटवणारी मध्यवर्ती यंत्रणा नसेल, तर एक माणूस हजार संगणक असल्याचे सोंग सहज घेऊ शकतो. पत्ता शोधताना याने त्रास होतो, पण तो निभावतो. कारण मागितलेली फाइल आली की तिचा हॅश काढून पाहता येतो, जुळला नाही तर फेकून द्यायची. उत्तराची परीक्षा विचारणाराच करू शकतो. अर्थाच्या शोधात तशी सोय नाही. 'कोकण' या शब्दाची यादी ज्या संगणकावर पडते, त्याने तीतले शंभर लेख गाळले, तर ते कळणार कसे? 'काही सापडले नाही' या उत्तराला हॅश नसतो. आणि आपला आकडा स्वतः निवडता येत असेल, तर एखाद्या शब्दाच्या शेजारी जाऊन बसणे ही सोपी गोष्ट आहे. तो शब्द मग त्या माणसाच्या ताब्यात. क्रमवारीचे तर विचारूच नका. पहिले कोणते दाखवायचे हे ठरवायला काही निकष हवा, तो निकष फसवण्यात कुणाचा तरी फायदा असतो, आणि फसवणाऱ्यामागे रोज धावणारे कुणीतरी पोसावे लागते. विकेंद्रित आणि मध्यवर्ती यांच्यामधली रेषा इथे ओढावी असे मला वाटते : ज्या उत्तराची परीक्षा विचारणारा स्वतः करू शकतो ते काम परक्यांवर सोपवता येते, ज्याची करू शकत नाही, त्यासाठी कुणाच्या तरी नावावर विसंबावे लागते.

इथे दुसऱ्या बाजूचा आक्षेप उभा राहतो. एवढे मान्य आहे तर मग सरळ गुगलवर समाधान माना, विकेंद्रीकरणाचा हट्ट कशाला? हट्ट यासाठी की केंद्र तटस्थ राहत नाही. ऑगस्ट २०२४मध्ये वॉशिंग्टनचे न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलने शोधातली मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल दिला. त्या खटल्यात बाहेर आले की फोन आणि ब्राउझर यांत आपलेच शोधयंत्र आधीपासून बसलेले असावे यासाठी कंपनीने २०२१ या एका वर्षात २,६०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम मोजली. उत्तम उत्तरांमुळे लोक येतात, लोक काय निवडतात यावरून उत्तरे सुधारतात, आणि हे चक्र बाहेरच्याला गाठता येत नाही. सप्टेंबर २०२५मध्ये त्याच न्यायालयाने कंपनीचे तुकडे करायचे नाकारले, पण सूचीचा काही भाग आणि वापराची काही माहिती पात्र प्रतिस्पर्ध्यांना द्यायला सांगितले. या आदेशाने स्पर्धा कितपत वाढेल याचा वाद चालूच राहील. आपल्या प्रश्नापुरते त्यातले गृहीतक मोलाचे आहे : सूची आणि ती वापरणारी सेवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सूची दुसऱ्या कुणाच्या हाती देता येते.

बिटटोरेंटच्या जगात ही फोड आपोआप झाली होती. तिथे पत्ता शोधणे डीएचटीकडे गेले आणि अर्थाने शोधणे वेबसाइटींकडे राहिले. यादीत फाइलीचे नाव आणि तिचा हॅश, बस. २०१२मध्ये 'पायरेट बे' या टोरेंटांच्या साइटीवरच्या सोळा लाखांहून अधिक टोरेंटांच्या अशा दुव्यांची कुणीतरी एकत्र गठडी बांधली, ती दाबल्यावर शंभर एमबीपेक्षाही लहान झाली. त्या साइटीवरच्या बहुतेक मालाचे समर्थन मी करणार नाही. पण सूची इतकी हलकी असेल तर ती खिशात घालून नेता येते, आणि साइट बंद पाडली तरी नॅपस्टरसारखे सगळे एकदम अंधारात जात नाही. सूची करणारा वरचढ असतोच. नवा सूचीकार उभा राहायला किती वेळ आणि पैसा लागतो, यावर त्याचा वरचढपणा सुसह्य आहे की नाही ते ठरते. मध्यवर्ती की विकेंद्रित या जुन्या भांडणापेक्षा हा प्रश्न मोजता येण्यासारखा आहे. २००३पासून मायकेल क्रिस्टेन चालवत असलेल्या 'यासी' या शोधयंत्राने सूची सर्वांच्या संगणकांवर वाटली. प्रयत्न चिकाटीचा आहे, पण सर्वसामान्य वापरकर्ता तिकडे वळला नाही, आणि वर सांगितलेल्या अडचणी पाहता त्यात नवल नाही. फाइली साठवण्याच्या आयपीएफएस या जाळ्याने पत्ता शोधणे डीएचटीवर ठेवले, पुढे वेगासाठी त्याच्याभोवतीही मोठे इंडेक्सर उभे राहिलेच.

मला जास्त आशा वाटते ती सूची मजकुराबरोबर पाठवणाऱ्या रीतीत. किविक्स हा प्रकल्प विकिपीडियासारखे ज्ञानकोश एका 'झिम' फाइलीत बांधतो; तीत लेख असतात आणि त्या लेखांची शोधसूचीही. मराठी विकिपीडिया अशा एका फाइलीत मावतो, ती टोरेंटनेही उतरवता येते, हॅशने तपासता येते आणि इंटरनेट नसलेल्या शाळेतही तिच्यात शोध घेता येतो. प्रश्न संगणकाबाहेर जातच नाही, म्हणून दवंडीही नाही आणि कोण काय शोधतो याची नोंदही कुठे राहत नाही. उणीव उघड आहे : फाइल बांधली त्या दिवसानंतरचे तीत काही नसते, आणि बातम्यांच्या शोधाला ती कुचकामी. सगळ्या वेबला ही रीत लागू पडणार नाही. पण सगळे वेब शोधायची गरज प्रत्येक वेळी नसतेही. विश्वकोश, जुनी नियतकालिके, शासकीय निर्णय, विद्यापीठांचे प्रबंध असा ठरावीक मराठी मजकूर धरला, तर त्याची सूची करायला गुगलएवढे यंत्रागार लागत नाही. लागते ते सामान्यरूपे आणि 'ऱ'ची दोन्ही रूपे ओळखणारे एक खुले साधन, आणि त्याने ठरावीक मुदतीला सूची बांधून हॅशसह प्रसिद्ध करणारी निदान दोन-तीन स्वतंत्र ठिकाणे. एकच ठिकाण पुरणार नाही, कारण एकाने काय गाळले हे त्याच्या सूचीत दिसत नाही. दुसऱ्याच्या सूचीशी ती ताडून पाहिली की दिसते.